सरांच्या हातचं पाणी

आमच्या सरांच्या हातचं पाणी कोणी पीत नसे. हे वाचून तुमच्या मनात जे आलं असेल ते आधी काढून टाका. जातीपातीचा इथं काडीचा संबंध नाही. कारण वेगळंच होतं आणि ते आमच्या पंचक्रोशीत लहान पोरांनासुद्धा ठाऊक होतं. एकदा दवाखान्यातल्या शिपाईमामांच्या मुलीचं लग्न होतं. सर हौसेनं पंगतीत वाढायला उभे राहिले आणि हाताला लागला म्हणून पाण्याचा जग उचलला. बघता बघता अख्ख्या पंगतीनं आपापल्या ग्लासावर हात ठेवले. एक म्हातारी तर पानावरून उठायलाच लागली. सरांनी जग खाली ठेवला, मठ्ठ्याची बादली उचलली आणि म्हणाले, "बरं, मठ्ठा तरी घ्याल का न्हाय?" मठ्ठा मात्र सगळ्यांनी मागून मागून घेतला.

सर म्हणजे हायवेवरच्या आमच्या सरकारी दवाखान्यातले अपघात विभागाचे डॉक्टर. नळदुर्गच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी म्हणा, गावाचं नाव राहू द्या. सोलापूर-हैदराबाद रस्ता दारातून जातो, त्यामुळं ट्रकवाले, मोटारसायकलवाले, शेतात साप चावलेले, मोटार चालू करताना शॉक बसलेले, औषध प्यायलेले, सगळे पहिल्यांदा आमच्याच दारात येतात. मी तिथं सिस्टर. अकरा वर्षं सरांच्या हाताखाली काढली. मी तोंडाची फटकळ. पेशंटच्या नातेवाइकांना मी जेवढं झापलं असेल तेवढं त्यांच्या सासवांनीही झापलं नसेल. सर एकदम उलटे. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. लोक त्यांना 'तांब्यावाले डॉक्टर' म्हणत आणि त्या नावातच त्यांच्या पाण्याची गोष्ट आहे.

आमच्याकडं माणूस आणला आणि तो आमच्या हातून गेला, की सर आधी हात धूत. मग अंगातला एप्रन काढून खुंटीवरचा दुसरा, धुतलेला घालत. मग माठातून तांब्या भरून घेत, स्वतः; मामांना कधी सांगत नसत. तांब्यावर फुलपात्र पालथं घालून मागच्या दारानं बाहेर जात. मागं कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली सिमेंटचा बाक. नातेवाइकांना तिथं बोलावून बाकावर बसवत आणि आपण समोरच्या पायरीवर, त्यांच्याहून खाली बसत. फुलपात्र भरून हातात देत. माणूस दोन घोट प्यायला की त्याच्याकडं बघून गेलेल्याचं नाव घेत आणि म्हणत, "गेले." एवढंच. 'आम्ही खूप प्रयत्न केले', 'सोलापूरला हलवून बघा', असलं काही नाही. आणि मग उठून जात नसत. तो माणूस रडो, ओरडो, शिव्या देवो, सर पायरीवर बसून असत.

मी एकदा विचारलं, एवढा सोपस्कार कशाला? दारात सांगितलं तरी तेच ना? तर म्हणाले, "सिस्टर, उभ्या माणसाला असली बातमी देऊ नये. त्याला पडायला जागा पाहिजे." नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका बाईला दारातच सांगितलं होतं, तिचा नवरा गेला म्हणून. घाई होती, आत दुसरा पेशंट होता. बाई तिथल्या तिथं कोसळली आणि पायरीच्या कडेवर तिचं डोकं आपटलं. नवरा मुडदाघरात आणि बायको आमच्याच टेबलावर. "तिला टाके मी घातले," सर म्हणाले. "शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय मागितलं असंल? पाणी." त्यानंतर त्यांनी कोणाला उभ्यानं सांगितलं नाही.

पण लोक काय खुळे असतात का? वर्ष-दोन वर्षांत सगळ्यांच्या ध्यानात आलं. डॉक्टरांच्या हातात तांब्या दिसला की बायका लांबूनच हंबरडा फोडायच्या. एकदा तर गंमतच झाली. एकाच्या बायकोला साप चावला होता. दुपारभर तिच्याशी झुंजून सरांनी तिला माघारी आणलं. उकाड्यानं जीव नकोसा झाला म्हणून सर तांब्या घेऊन तोंड धुवायला मागं गेले. बाकावर तिचा नवरा. त्यानं तांब्या पाहिला आणि जमिनीवर अंग टाकून दिलं. सर घाबरले, "अहो दादा, उठा! मला तोंड धुवायचंय! तुमच्या मालकिणीनं आत चहा मागितलाय!" तो माणूस उठला आणि रडत रडत सरांनाच मिठी मारून बसला. तेव्हापासून सर तोंडसुद्धा आतल्या नळावर धूत. स्टाफमध्ये चहा झाला की मी त्यांना मुद्दाम म्हणायचे, "सर, पाणी द्या ना जरा." ते हसायचे. "नगं सिस्टर, तुम्ही अजून लई दिवस पाहिजेत मला."

त्याच सापवाल्या बाईचं अजून एक सांगते. तिला घरच्यांनी आधी देवळात नेलं होतं. तिथं लिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला म्हणजे विष चढलं नाही, असं आमच्याकडं मानतात. पाला कडू लागतो म्हणून दोन तास घालवले आणि मग डोळे मिटायला लागल्यावर आमच्याकडं आणलं. मी तर त्या नवऱ्यावर तुटूनच पडले, "पाला काय खायला घालताय, अक्कल गहाण टाकलीय काय?" सरांनी मला हातानंच गप्प केलं. त्याला एवढंच विचारलं, "किती वाजता चावला?" प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न हाच. किती वाजता चावला, किती वाजता प्यायला, किती वाजता पडला. मग म्हणाले, "आलात ना, बास झालं." नंतर मला म्हणाले, "आज तुम्ही रागावलात तर पुढचा माणूस दोन तासांचा अर्धा तास सांगंल. मग मी औषध कशाच्या हिशेबानं देऊ?" मी तोंड वाकडं केलं, पण तेव्हापासून जीभ जरा आवरायला लागले.

एवढं सगळं मी त्यांच्याकडं शिकले. शीर सापडत नसेल तर कुठं बघायचं, छाती कशी दाबायची. "जोर लावा सिस्टर, बरगडी मोडली तर मोडू द्या, ती मागनं जुळंल." सगळं शिकले, फक्त एक सोडून. तांब्या घेऊन मागं जायचं मला जमलं नाही. सर दर खेपेला म्हणायचे, "आज तुम्ही जाता का? मी बाजूला बसतो." मी म्हणायचे, "झापायचं असंल तर सांगा सर, लगेच जाते. हे नाही व्हायचं माझ्याच्यानं." त्यांनी कधी बळजबरी केली नाही. "एक दिवस जावंच लागंल," एवढं म्हणून ते तांब्या उचलायचे.

त्यांनी कुणाला कसं सांगितलं, ते मी खिडकीतून बघत असे. तेर गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला, त्या दिवशी म्हाताऱ्यानं फुलपात्र हातात धरलं, पण तोंडाला लावेना. त्यालाही माहीत होतं ना. पाणी प्यायलो नाही तर डॉक्टर सांगणार नाहीत, सांगितलं नाही तर पोरगं आहे. किती वेळ तो तसाच बसून होता. शेवटी त्यांनी हळूच त्याच्या हातातलं फुलपात्र घेतलं, अर्धं पाणी आपण प्यायले आणि उरलेलं त्याच्यापुढं धरलं. "घ्या दादा. म्या बी घेतलंय." म्हातारा प्यायला. मी खिडकी लावून घेतली.

फोनच्या बाबतीत सरांचा एक नियम होता आणि तो त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतला होता. आपल्याकडं माणूस गेला तरी फोनवर 'सीरियस आहे' म्हणतात, नाहीतर 'काही काळजी करू नका' म्हणतात. सरांना ते बिलकूल चालत नसे. "फोनवर 'गेले' म्हणू नका, पण खोटी आशाबी देऊ नका. बसून घ्या म्हणा, कुणाला तरी सोबत घ्या म्हणा आणि लगेच निघा म्हणा. तीन गोष्टी. माणूस समजतो आणि वाटेत मनाची तयारी करतो." मी हे तीन शब्द शेकडो वेळा फोनवर बोलले असेन. बस, सोबत, लगेच.

त्या दिवशी उन्हाळ्याची दुपार होती. सकाळी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसलेला एक माणूस आणला होता, तो गेला. सर तांब्या घेऊन त्याच्या भावाजवळ बसून आले. बाराच्या पुढं ते आत येऊन खुर्चीत टेकले आणि तांब्या टेबलावर ठेवला. सकाळपासून दोनदा छातीवर हात फिरवून 'पित्त झालंय' म्हणाले होते. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर सरांनी त्याला ईसीजी काढल्याशिवाय सोडलं नसतं. मला कळायला नको? पण मी हसून म्हटलं, "डबा विसरून आलात ना, उपाशी पोटी पित्तच होणार." देवा, काय बोलून बसले मी.

मी एका आजीच्या पायाला पट्टी बांधत होते. सर म्हणाले, "सिस्टर, जरा पाणी देता का?"

अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडं पाणी मागितलं नव्हतं. आपलं आपण उठून घ्यायचे. आणि मी फटकळ ती फटकळच. म्हटलं, "तांब्या तर तुमच्या पुढ्यातच आहे की सर."

"त्यातलं नगं. माठातलं द्या."

"आले, एवढं बांधते."

पट्टीचे दोनच वेढे राहिले होते. ते घातले, गाठ मारली, माठातून पेला भरला आणि वळले. सरांचं कपाळ टेबलावर टेकलेलं होतं.

मामांनी आणि मी त्यांना उचलून त्यांच्याच टेबलावर घेतलं. ओपीडीतल्या डॉक्टर मॅडम धावत आल्या. नळी, इंजेक्शनं, शॉक, जे जे सरांनी आम्हाला शिकवलं ते ते सगळं सरांवर केलं. मी छाती दाबत होते. हाताखाली बरगडी मोडलेली मला कळली आणि मी तोंडानं म्हणतच होते, मोडू द्या, मागनं जुळंल. मॅडमनी माझे हात धरून मला बाजूला केलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मॅडम नव्या, वर्षभरापूर्वी आलेल्या. त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "सिस्टर, मला नाही सांगता येणार वहिनींना." मामा तर लहान लेकरागत रडत होते. मग उरलं कोण?

वहिनी म्हणजे सरांच्या मिसेस, तुळजापुरात शाळेत शिक्षिका. घर तिथंच, सर रोज येऊन-जाऊन करत. पोरबाळ नव्हतं, दोघंच दोघांना. शाळेला सुट्टी होती, त्या घरी होत्या. दीड वाजता मी फोन लावला. मनात घोकत होते, बस, सोबत, लगेच. पलीकडून वहिनींचा हसरा आवाज आला, "सिस्टर, कळलं मला! डबा विसरलेत तुमचे सर. ओट्यावर तसाच आहे. उपाशी बसलेत का?"

आणि माझी जीभ फिरली. "वहिनी, सरांना जरा चक्कर आलीय," मी म्हणाले. "काळजीचं काही न्हाय. तुम्ही या. सावकाश या."

सावकाश या. आपण कुणालाही म्हणतो ना, निघताना, येताना, सहज. तसं म्हणाले मी. फोन ठेवला आणि काय केलं ते कळलं. परत लावायला हात उचलला, पण हाताला नंबर लागेना. खरं सांगते, नंबर लागत होता. माझी छाती झाली नाही.

वहिनी साडेतीनच्या पुढं आल्या. एकट्या आल्या, एसटीनं. तोपर्यंत मी हात धुतले होते, खुंटीवरचा धुतलेला एप्रन घातला होता, तांब्या माठातून भरून घेतला होता. टेबलावरचा तोच तांब्या, दुसरा नव्हताच. मामांनी वहिनींना बाजूच्या वाटेनं लिंबाखाली आणलं. त्यांच्या एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात दोन पुडांचा डबा होता. त्यांनी मला पाहिलं. मग माझ्या हाताकडं पाहिलं. डॉक्टरची बायको ती. तांब्याची गोष्ट तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक.

"सिस्टर, तुम्ही कशाला पाणी आणलं?"

"बसा वहिनी."

"मी नाही बसत. हे कुठं आहेत?"

"बसा ना."

"ठेवा तो तांब्या खाली. ठेवा म्हणते ना!"

मी पायरीवर बसले. त्या उभ्या आणि मी खाली. उभ्या माणसाला सांगायचं नाही. मग मला तेरचा म्हातारा आठवला. मी फुलपात्र भरलं आणि अर्धं मीच प्यायले. उरलेलं त्यांच्यापुढं धरलं. वहिनी हळूहळू बाकावर बसल्या. डबा मांडीवर घेतला. फुलपात्र घेतलं आणि दोन घोट प्यायल्या.

नाव घ्यायचं असतं. अकरा वर्षांत सरांचं नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं आणि म्हणाले, "गेले."

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

"एक वाजून दहा मिनिटांनी."

"तुमचा फोन दीडला आला."

मी तांब्या पायरीवर ठेवला.

"तो डबा सकाळचा होता, गार झालेला. चक्कर आलीय म्हणालात म्हणून मी मऊ भात टाकला," त्या म्हणाल्या. डब्याच्या झाकणावरून हात फिरवत होत्या. "कुकर गार व्हायची वाट बघत बसले. एसटी गेली, दुसरीसाठी थांबले. शेजारचे गाडीनं सोडतो म्हणत होते, त्यांना म्हटलं, कशाला, सावकाश जाते. तुम्हीच म्हणालात सावकाश या." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही अकरा वर्षं त्यांच्याजवळ होतात ना?"

मी पायरीवर बसून राहिले. उठून जायचं नसतं, तेवढं मला येत होतं. उन्हं उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथं होतो. आतून दोनदा मला हाक आली, मामांनी परतवून लावली.

आता तांब्या मीच नेते. मॅडम म्हणतात, सिस्टर, तुम्हीच जा. मी जाते. फोनही मीच करते. बसून घ्या, कुणाला तरी सोबत घ्या, लगेच निघा. 'सावकाश' हा शब्द माझ्या तोंडून गेला तो गेलाच. माझी मुलगी कॉलेजला निघते, तिला मी म्हणते, नीट जा. लोक आता मला 'तांब्यावाल्या सिस्टर' म्हणायला लागलेत आणि भावाच्या घरी गेले तर भावजय माझ्या हातातला पाण्याचा तांब्या हसत हसत काढून घेते. सरांना कसं वाटत असेल, ते मला आता कळतं. ते हसायचे, मला हसू येत नाही.

वर्ष व्हायला आलं तेव्हा वहिनी एकदा दवाखान्यात आल्या. सरांचा स्टेथोस्कोप आणि खुंटीवरचा दुसरा एप्रन न्यायचा राहिला होता. मधल्या काळात त्यांचा फोन नाही, माझाही नाही. मी कोणत्या तोंडानं करणार होते? मे महिन्याचं ऊन, चेहरा लाल झालेला. खुर्चीवर बसल्या. आल्या माणसाला पाणी द्यायचं, ही आपली रीत. पण मी कसं देणार? मी दाराकडं तोंड करून हाक मारली, "मामा, वहिनींना पाणी द्या जरा."

"मामा कशाला?" वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच द्या सिस्टर. आता मला सांगायचं काय राहिलंय?"

मी माठातून तांब्या भरला, फुलपात्र धुतलं आणि त्यांना पाणी दिलं. त्यांना लई तहान लागली होती. दोन फुलपात्रं प्यायल्या आणि तिसऱ्यांदा हात पुढं केला.